डावा हात, नग सहाशे चाळीस

काही माणसांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. तो बरा, एका शिंकेसरशी निघून जातो. महिपती करडेचा राग पोटात असायचा. वर माणूस गप्प, कामसू, चहा बशीत ओतून पिणारा, आणि आत वर्षावर्षाची उधारी साठवलेली. अशा माणसाला कुणी डिवचू नये. पण बाळशेठांच्या चिरंजीवांना हे सांगणार कोण?

बिबवेवाडीत बाळशेठांचा बिल्ल्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन गाळे, चार प्रेस आणि अकरा माणसं. महिपती तिथं बेचाळीस वर्षं ठसे कोरत होता. पोलादाच्या ठोकळ्यावर चित्र उलटं कोरायचं; मग तो ठोकळा पितळी पत्र्यावर दाबला की चित्र सुलटं उठतं. ऐकायला सोपं आहे. पण बेचाळीस वर्षं सगळं जग उलटं बघायचं म्हणजे काय, ते एकदा करून बघा. सिंहाचं तोंड उजवीकडं हवं तर डावीकडं कोरायचं, तलवार डाव्या हातात द्यायची, अक्षरं शेवटाकडून सुरू करायची. महिपतीचा हात त्यात इतका बसला होता की कागदावर साधं रेखाटन करायचं तरी तो उलटंच काढायचा. कागद पोलादावर चिकटवायचा आणि रेघेवरून कोरत जायचं, ही त्याची रीत. सुलटं चित्र काढणं त्याला जमत नसे असं नाही, पण त्यासाठी मुद्दाम आठवण ठेवावी लागायची.

बाळशेठ गेले आणि त्यांचा मुलगा राजस गादीवर बसला. वय एकोणतीस, इंजिनीअर, बोलताना अर्धी वाक्यं इंग्रजीत. गेल्या वर्षी त्यानं सीएनसी मशीन आणलं. कॉम्प्युटरला चित्र द्यायचं, मशीन आपलं आपण पोलाद कोरतं. आणलं तर आणलं. त्याबद्दल महिपतीचं काही म्हणणं नव्हतं. काळ बदलतो, हे त्यालाही कळत होतं. पण मशीनला जागा हवी म्हणून महिपतीची खिडकीपाशची बैठक उचलली गेली आणि संडासाच्या दाराजवळ ठेवली गेली. वर राजस सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "काका, तुमच्या छिन्न्या आपण शोकेसमध्ये लावू. क्लायंट्सना आवडतं असं. व्हिंटेज."

"लाव की," महिपती म्हणाला. "शेजारी मलाही उभा कर. हार घालायची सोय होईल."

राजसला तो विनोद वाटला.

त्याच महिन्यात जलरक्षक दलाची ऑर्डर आली. हे राज्याचं नवं खातं. कालव्याला पाइप लावून पाणी पळवणारे, धरणाखाली बेकायदा पंप टाकणारे, टँकरवाले, अशांना धरायचं, गुन्हा नोंदवायचा आणि कोर्टात उभं करायचं हे त्यांचं काम. त्यांचं प्रशिक्षण केंद्र वाघोलीच्या पलीकडं. सहाशे चाळीस नव्या शिपायांची तुकडी बाहेर पडणार होती आणि प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लागणार होता.

त्या सहाशे चाळिसांत महिपतीची नात होती. स्पृहा. त्याच्या मुलीची, तेजस्विनीची मुलगी. जावई आठ वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून तेजस्विनी हडपसरच्या शाळेत शिकवते, आणि पोरगी शाळा सुटली की आजोबांच्या बैठकीशेजारी स्टुलावर. कोरलेल्या ठशात मेण दाबून सुलटं चित्र कसं दिसतं ते बघणं हा तिचा खेळ. बायको गेल्यावर, बाळशेठ गेल्यावर, या म्हाताऱ्याच्या कामाला काम म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ते हे. बाकी सगळ्यांनी त्याला मोडीत काढला तरी चालणार होतं. तिनं काढला असता तर मात्र तो संपला असता, आणि हे त्याला स्वतःला पुरतं ठाऊक होतं.

तर ती ऑर्डर. दलाचं चिन्ह असं होतं: आठ टोकांचा तारा, म्हणजे आठही दिशांना नजर. खाली पाण्याच्या तीन लाटा. मध्ये उभारलेला उघडा हात. त्याखाली फीत, तिच्यावर ‘जलं रक्षति रक्षितम्’. त्या हाताला पंजा म्हणायची सोय नाही, लगेच लोक विचारतात मत कुणाला. म्हणून सरकारी कागदात ‘अभयहस्त’ लिहिलेलं. चोराला तो म्हणतो थांब, आणि गावकऱ्याला म्हणतो भिऊ नको. एकाच हाताची दोन कामं. आणि तो हात उजवाच हवा. आशीर्वाद उजव्या हातानं देतात, वचन उजव्या हातानं देतात, देवाच्या मूर्तीचा अभय देणारा हातही उजवाच असतो. डावखुऱ्यांनी रागावू नये, चिन्हांचं शास्त्र करणाऱ्यांनी त्यांना विचारलेलं नव्हतं.

सरकारकडून आलेलं चित्र मोबाइलवर फिरून फिरून इतकं धूसर झालं होतं की हाताच्या रेघा म्हणजे चिखल. राजसनं महिपतीला सांगितलं, "काका, फक्त हात तेवढा नीट काढून द्या. तारा, लाटा, अक्षरं मी कॉम्प्युटरवर करतो."

महिपतीनं दोन दिवस बसून हात काढला. सुरेख काढला. खाली सही केली, तारीख घातली आणि दिला. सवयीनं उलटा काढला, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. राजसनं तो स्कॅन करून कॉम्प्युटरला दिला. आणि कॉम्प्युटर ठसा करताना चित्र आपणहून उलटं करतो, हे महिपतीला कुणी सांगितलं नव्हतं. उलट्याचं उलटं झालं सुलटं. ठशात हात सुलटा कोरला गेला आणि पितळेवर उमटला तो डावा. तारा दोन्हीकडून सारखा, लाटा सारख्या, अक्षरं बरोबर. चुकला होता फक्त अंगठा. बघणाऱ्याच्या उजवीकडं हवा, तो डावीकडं.

राजस पहिला नग घेऊन गाळ्यात आला. सगळ्यांना मशीन थांबवायला लावलं. "बघा काका. तुम्हाला एका ठशाला एकवीस दिवस लागायचे. चार तास. फोर अवर्स."

महिपतीनं नग हातात घेतला आणि त्याला पाहिल्या क्षणी कळलं. का झालं तेही लगेच कळलं. तोंड उघडलं असतं तर तिथंच विषय मिटत होता. चार तासांत दुसरा ठसा झाला असता.

"काही चूक आहे का?" राजसनं विचारलं. विचारलं खरं, पण उत्तर ऐकायला तो थांबलाच नव्हता. अर्धा वळून प्रेसवाल्याला पुढच्या कामाचं सांगत होता.

महिपतीच्या पोटात संडासाशेजारची बैठक होती, शोकेस होतं, चार तास होते. "आता माझ्या डोळ्यांना काय दिसतंय बाबा," तो म्हणाला. "तूच बघ."

आणि नग परत दिला.

त्याचा हिशेब साधा होता. माल तपासायला दलाचा भांडारप्रमुख येणार होता, नागोराव नावाचा हवालदार. या नागोरावाची ख्याती अशी की त्यानं एकदा बूटवाल्याचे पाचशे जोड एका टाक्यासाठी परत पाठवले होते. तो हात बघेल, माल राजसच्या तोंडावर फेकेल, राजस धावत संडासाच्या दारापाशी येईल, काका वाचवा म्हणेल, आणि मग काका छिन्न्या काढतील. महिपतीनं पोलादाचा ठोकळासुद्धा घासून तयार ठेवला होता.

नागोराव आला. खुर्चीत बसला, चष्मा पुसला. एक बिल्ला उचलला आणि त्याची पिन दोन बोटांनी ओढून पाहिली. लिंबू मागवून मुलामा घासून पाहिला. काट्यावर वजन केलं. पाठीमागे ठोकलेला नंबर यादीशी ताडून पाहिला. असे चाळीस नग त्यानं घासले, ओढले, तोलले. एकाचीही पुढची बाजू त्यानं धड पाहिली नाही. महिपती त्याच्यासमोर चहाचा कप ठेवायच्या निमित्तानं दोनदा जाऊन आला.

"साहेब, चिन्ह नीट उठलंय ना?" शेवटी त्यानंच विचारलं.

नागोरावानं चष्म्यावरून पाहिलं. "पाच बोटं आहेत. सहा असती तर बोललो असतो."

आणि दाखल्यावर सही ठोकली.

महिपती त्या दिवशी जेवला नाही. करायला गेला गणपती, झालं माकड. आता तरी बोलावं की नाही? पण आता बोलायचं म्हणजे पहिल्या दिवशी का बोलला नाहीस, याला उत्तर द्यायचं. रोज सकाळी तो ठरवायचा आज सांगतो, आणि रोज राजस काहीतरी बोलायचा की राग परत पोटात जाऊन बसायचा. असे तीन आठवडे गेले. बिल्ले वाघोलीला पोचले.

मग स्पृहाचा फोन आला. नऊ महिने तिला आठवड्याला दहा मिनिटं फोन मिळायचा, त्यातली चार ती आजोबांना द्यायची.

"आबा, रविवारी परेड आहे. आमच्याकडं पद्धत आहे, बिल्ला घरच्यांनी लावायचा. आम्ही तोवर हातसुद्धा लावायचा नाही. गेटवर तुम्हाला सीलबंद डबी देतात. आईला मी सांगितलंय, बिल्ला आबा लावणार. तुझ्या कारखान्यातला आहे ना?"

"हो," महिपती म्हणाला.

"तू कोरलास?"

"हात मी काढलाय."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खूश होता की महिपतीला फोन कानाला धरवेना.

दुसऱ्या दिवशी तो राजसच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. राजसनं बिल्ला हातात घेतला, मोबाइलवर मूळ चित्र काढलं, एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच नगाला."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"तूच बघ म्हणालो होतो."

"काका, हा नालायकपणा आहे." राजसचा आवाज चढला नाही. "बाबांनी तुम्हाला घरचं माणूस मानलं. अकरा जणांची चूल आहे इथं. दल आपल्याला काळ्या यादीत टाकेल. एकदा टाकलं की सरकारी काम संपलं."

"माझी बैठक संडासापाशी नेलीस तेव्हा मी घरचाच होतो का?"

"बैठक? एका टेबलासाठी?" राजस हसला, पण ते हसणं वाईट होतं. "ऐका. माल पास झालाय. दाखला आहे माझ्याकडं. कुणाला काही दिसलेलं नाही आणि दिसणार नाही. तुम्ही तोंड उघडलंत तर मी ड्रॉइंग पुढं करीन. खाली सही कुणाची आहे? तारीख कुणी घातलीय?"

हे खरं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. महिपती बाहेर आला, छिन्न्यांची पिशवी उचलली आणि गाळ्यातून निघाला. त्याला कुणी थांबवलं नाही.

आता शहाणा माणूस काय करतो? वाघोलीला जातो, मोठ्या साहेबांना भेटतो. महिपती शहाणा नव्हता, तो कारागीर होता, आणि कारागिराला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध माहीत असतं. घरी येऊन त्यानं बाल्कनीत ठोकळा लावला आणि चार दिवस ठसा कोरला. एकवीस दिवसांचं काम चार दिवसांत. दिवस उजाडला की बसायचा, उजेड गेला की उठायचा. मान धरली, बोटं सुजली. पाचव्या दिवशी हडपसरला जुन्या ओळखीच्या गेनबाकडं गेला. गेनबाकडं जुना हातानं फिरवायचा प्रेस होता. एक नग काढला. एकच. तारा, लाटा, फीत, आणि मध्ये उजवा हात. असा सुरेख बिल्ला त्यानं आयुष्यात केला नव्हता. गेनबानंही तो बराच वेळ उन्हात धरून पाहिला.

बाकीच्या सहाशे एकोणचाळिसांचं काय, हा प्रश्न महिपतीच्या डोक्यात आला नव्हता असं नाही. आला होता. त्यानं तो बाजूला सारला. माझ्या पोरीच्या छातीवर खरा बिल्ला लागला की बस, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, दुसरं काय.

रविवारी तो आणि तेजस्विनी वाघोलीला पोचले. मैदानावर चुन्याच्या रेघा, मांडवात घरचे लोक. साताऱ्याकडचे, बीडकडचे, चंद्रपूरहून दोन दिवस आधी निघालेले. गेटवर पास दाखवून महिपतीनं डबी घेतली. संचलन झालं, शपथ झाली. सहाशे चाळीस उजवे हात वर गेले. मग घोषणा झाली की घरच्यांनी मैदानात यावं.

स्पृहा तिसऱ्या रांगेत होती. वाळली होती, काळवंडली होती आणि ताठ उभी होती. "आबा," ती हळूच म्हणाली, "रडू नको हं."

"मी कशाला रडू," महिपती म्हणाला. त्यानं डबी तेजस्विनीच्या हातात दिली आणि कोटाच्या खिशातून आपला बिल्ला काढला.

स्पृहानं ते पाहिलं. "डबी सीलबंद आहे. हा कुठला?"

"हा लावतो. हा चांगला आहे."

तिनं बिल्ला त्याच्या हातातून घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. नऊ महिन्यांत त्यांना हेच शिकवलं होतं: बिल्ला दिसला की आधी पाठ बघा. पाठ कोरी होती.

"नंबर नाही ह्याच्यावर," ती म्हणाली. "हा बनावट आहे, आबा."

बेचाळीस वर्षांत महिपतीच्या कामाला कुणी बनावट म्हटलं नव्हतं. तो भडकला. "बनावट? बनावट तो डबीतला आहे. उघडून बघ. हात डावा आहे त्यावर. सहाशे चाळीस डावे हात. त्या राजसचं मशीन, चार तासांचं काम. हा मी कोरलाय. चार दिवस बसून, तुझ्यासाठी."

तेजस्विनीनं सील तोडलं. स्पृहानं दोन्ही बिल्ले तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. ती स्टुलावर बसून उलटं-सुलटं बघायला शिकलेली पोरगी. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही. शेजारी एक बाई, बहुधा शेतातून उठून आलेली, आपल्या मुलीच्या छातीवर बिल्ला लावत होती आणि पिन सापडत नव्हती म्हणून दोघी हसत होत्या. स्पृहानं त्या बिल्ल्याकडं पाहिलं. मग त्याच्या पलीकडच्या.

"सगळ्यांचे असेच?"

"सगळ्यांचे."

"तुला कधी कळलं?"

इथं महिपती खोटं बोलू शकला असता. आज सकाळी, काल, चार दिवसांपूर्वी, काहीही. पण तिच्याशी तो कधी खोटं बोलला नव्हता. "माल करायच्या आधीच," तो म्हणाला. "पहिला नग माझ्या हातात दिला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"त्यानं माझी बैठक उचलली, स्पृहा. सगळ्यांसमोर—"

"मग बोलला का नाहीस?" तिनं तेच परत विचारलं, त्याच आवाजात. हेही त्यांना शिकवलेलं असावं.

"त्याची जिरावी म्हणून."

"आणि बाकीच्यांचं काय? ह्या सगळ्यांचं?" तिनं मान किंचित हलवली. "मला एकटीला खरा, आणि ह्यांना खोटा. हे तुला चाललं असतं?"

"बाकीच्यांचं मला काय करायचंय? तू माझी आहेस."

हे बोलल्यावर महिपतीला वाटलं होतं ती विरघळेल. लहानपणी विरघळायची. तिनं दोन्ही बिल्ले मुठीत घेतले.

"आई, आबांना घेऊन मांडवात बस," ती म्हणाली. "कुठं जाऊ देऊ नको."

"अगं, पण बिल्ला तर लावून घे आधी," तेजस्विनी म्हणाली. "सगळे बघताहेत. आज नको काही. घरी आल्यावर आबांना काय बोलायचं ते बोल."

"घरी कसं, आई?" स्पृहा म्हणाली. "मी आत्ताच शपथ घेतलीय."

आणि ती रांग सोडून सरळ मंचाकडं गेली. केंद्रप्रमुख पूर्णिमा सबनीस पाहुण्यांशी बोलत उभ्या होत्या. स्पृहानं सलाम केला आणि मूठ उघडली. महिपतीला शब्द ऐकू येत नव्हते. सबनीसबाईंनी एक बिल्ला घेतला, मग दुसरा. त्यांनी स्वतःच्या छातीवरचा खाली वाकून पाहिला. मग नागोरावाला बोलावणं गेलं. तो धावत आला, बिल्ला पाहिला, आणि मुकाट मंचामागं जाऊन उभा राहिला.

दहा मिनिटांनी स्पृहा मांडवात आली. बरोबर सबनीसबाई होत्या, आणि स्पृहाच्या हातात कागद नि पेन होतं.

"जबाब तुम्ही लिहिणार नाही," सबनीसबाई तिला म्हणाल्या. "तुमचे आजोबा आहेत. मी दुसऱ्या कुणाला सांगते."

"मॅडम, नाव मीच दिलंय. पहिल्या चार ओळी मला लिहू द्या. नाहीतर उद्या लोक म्हणतील हिनं नातं लपवलं."

सबनीसबाईंनी मान डोलावली. स्पृहा खुर्ची ओढून महिपतीसमोर बसली.

"आपलं पूर्ण नाव सांगा."

महिपतीनं तिच्याकडं पाहिलं. ती कागदाकडं बघत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, हनुवटी गच्च होती. लहानपणी रडू आवरताना ती अशीच दिसायची. त्याला म्हणावंसं वाटलं, अगं, मी आबा आहे. त्यानं पूर्ण नाव सांगितलं.

"वय?"

"अडुसष्ट."

"तक्रारदाराशी नातं?"

"आईचे वडील," तो म्हणाला. तिनं तसं लिहिलं. अक्षर जरा हललं.

"बिल्ल्यातला दोष माल पोचवण्याआधी तुम्हाला माहीत होता का?"

"होता."

"सांगितलं नाही?"

"नाही."

तिनं कागद फिरवून समोर धरला, बोटानं सहीची जागा दाखवली. त्यानं सही केली. मग ती उठली, कागद सबनीसबाईंकडं दिला आणि महिपतीला म्हणाली, "चौकशी पुरी होईपर्यंत मला फोन करू नका. साक्षीदारानं करायचा नसतो." आणि आईकडं न बघता मैदानात निघून गेली. तेजस्विनी तोंडावर पदर धरून बसली होती.

ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली: बिल्ल्यांत दोष आढळला आहे, सर्वांनी ते उतरवून जमा करावेत, नवे नंतर मिळतील. मैदानभर कुजबुज उठली. ज्या आयांनी नुकत्याच पिना लावल्या होत्या त्या आता त्याच पिना काढू लागल्या. कुणाची वर्दी चुरगळलेली, कुणाच्या वर्दीला भोक पडलेलं. फोटो निघायचे राहिले होते ते राहिलेच. एक म्हातारे गृहस्थ बिल्ला परत द्यायला तयार नव्हते. त्यांचा नातू त्यांची समजूत घालत होता.

मघाची ती पिन न सापडणारी बाई मांडवात आली आणि महिपतीशेजारच्या खुर्चीत धपकन बसली. हातात रिकामी डबी होती.

"का हो आजोबा," ती म्हणाली, "काय झालंय काय? पोरीला एवढं हौसेनं लावलं, तेवढ्यात काढाय लावलं. कुणी केलंय हे?"

महिपतीच्या जिभेवर राजसचं नाव आलं होतं. मशीनचं आलं होतं, नागोरावाचं आलं होतं. पण ती बाई डोळ्यांत पाणी आणून त्याच्याकडं बघत होती, आणि त्याच्या पोटात एवढी वर्षं जे होतं ते त्याला कुठं सापडेना.

"मी केलंय," तो म्हणाला. "ते बिल्ले माझ्या हातचे आहेत. चूक दिसली होती, बोललो नाही."

बाईनं खुर्ची मागं सरकवली. "मग आज हिथं कशाला आलाय? तमाशा बघाय?"

"नात आहे माझी तुकडीत."

"कुठली?"

स्पृहा समोरच होती, वीस पावलांवर. जमा झालेले बिल्ले खोक्यात मोजून टाकत होती, आणि तिच्याभोवती तिच्या तुकडीतल्या सात-आठ मुली उभ्या होत्या, चिडलेल्या, कुणाच्या तरी नावानं बोटं मोडणाऱ्या. बाईची नजर मैदानावर फिरत होती.

"आहे यातलीच एक," महिपती म्हणाला, आणि त्यानं बोट दाखवलं नाही.